माळवदावरच्या डब्यातला डिजिटल कान : आयएनएमपी४४१ मायक्रोफोन मॉड्यूलचे परीक्षण

हिंगोली जिल्ह्यातील वसमत, कळमनुरी आणि औंढा नागनाथ या तालुक्यांच्या पट्ट्यात जमिनीखालून येणाऱ्या आवाजांची चर्चा बऱ्याच वर्षांपासून आहे. पांगरा शिंदे या गावाचे नाव तर त्या आवाजांमुळेच वर्तमानपत्रांत वारंवार छापून आले. मार्च २०२४ आणि जुलै २०२४ मध्ये या भागात ४.५ तीव्रतेचे धक्के नोंदले गेले, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचे किल्लारी ज्यांना आठवते त्या पिढीला मध्यरात्री असा आवाज कानी आला की पुन्हा झोप लागत नाही. माझ्या मामांचे घर याच पट्ट्यातील एका गावात आहे. आवाज नेमका किती वाजता झाला, तो एकदाच झाला की दोनदा, यावर दुसऱ्या दिवशी पारावर कधीच एकमत होत नाही. एवढी नोंद ठेवणारा, बॅटरीवर चालणारा आणि कुणाच्या पायात न येणारा एक लहान डबा तयार करावा, या हेतूने मी मायक्रोफोनच्या शोधाला लागलो. भूकंप ओळखणे हे भूकंपमापकाचे काम आहे, या डब्याचे नाही, हे आरंभीच सांगून ठेवतो.

ज्या मॉड्यूलवर मी अखेर स्थिरावलो ते म्हणजे आयएनएमपी४४१ ही चिप बसवलेली, जुन्या रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान अशी गोल पाटी. किंमत २०० रुपयांच्या आसपास. पाटीवर सहा छिद्रे असतात: विजेसाठी दोन, आय-टू-एस या डिजिटल जोडणीसाठी तीन, आणि हा कान डावा की उजवा हे ठरवण्यासाठी एक. चिप स्वतः ४.७२ मिलिमीटर लांब, ३.७६ मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड आहे. तिचे मूळ अॅनालॉग डिव्हायसेस या कंपनीकडे आहे. त्या कंपनीचा मायक्रोफोनचा व्यवसाय २०१३ मध्ये इन्व्हेनसेन्सने घेतला आणि पुढे २०१७ मध्ये इन्व्हेनसेन्सच टीडीकेकडे गेली. एवढ्या लहान वस्तूची वंशावळ सांगण्याचे कारण इतकेच की जुन्या लेखांत हीच चिप एडीएमपी४४१ या नावाने भेटते आणि नवखा वाचक ती वेगळी समजून बसतो.

नांदेडहून असे सुटे भाग आणायचे तर पुण्यातील तपकीर गल्लीपेक्षा हैदराबादच्या कोटी भागातील गुजराती गल्ली आम्हाला जवळची वाटते. पहिली दोन मॉड्यूल मी तिथूनच आणली. पुढची पाच एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवली, त्यातले एक आल्यापासून मुकेच होते. विक्रेत्याने पैसे परत दिले, पण त्यासाठी पंधरा दिवस आणि चार छायाचित्रे खर्ची पडली. म्हणून हाताशी एक जास्तीचे मॉड्यूल असू द्यावे.

या चिपचे मोल कळण्यासाठी आधीची मांडणी सांगायला हवी. पहिला डबा मी जुन्या पद्धतीने बनवला होता: बटणाएवढा इलेक्ट्रेट मायक्रोफोन, त्याला वीज पुरवणारा रोध, त्यापुढे एलएम३५८ चा प्रवर्धक (क्षीण संकेत मोठा करणारा), आणि तिथून निघणारा अॅनालॉग संकेत ईएसपी३२ या नियंत्रकाच्या स्वतःच्या एडीसीत, म्हणजे संकेताचे अंक करणाऱ्या भागात. एकूण दहा-अकरा सुटे भाग आणि पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची पाटी. घराच्या वायरिंगजवळ हा डबा नेला की ५० हर्ट्झची भुणभुण सुरू होई. आणि ज्या आवाजाच्या मागे मी लागलो होतो तो नेमका त्याच पट्ट्यातला. ईएसपी३२ चा एडीसी सरळ रेषेत मोजत नाही ही तक्रार तर सर्वपरिचित आहे. नव्या मॉड्यूलमध्ये हलणारा सूक्ष्म पडदा, प्रवर्धक, एडीसी, नको त्या वारंवारता अडवणारी गाळणी आणि डिजिटल जोडणी असे सगळे एकाच टोपणाखाली असल्यामुळे चिपबाहेर पडते ते थेट अंकांतले मोजमाप, आणि वाटेत भुणभुण शिरायला जागाच उरत नाही. दहा भागांच्या जागी एक भाग आला, पाटी नाण्याएवढी झाली.

मात्र आज बाजारात डिजिटल मायक्रोफोन म्हणून दोन वेगळ्या जातींच्या वस्तू मिळतात, आणि त्यांतली निवड हाच या परीक्षणाचा गाभा आहे. पहिली जात आयएनएमपी४४१ सारखी, गाळणी आतच असलेली. दुसरी जात पीडीएमची (पल्स डेन्सिटी मॉड्युलेशन). तिच्यात गाळणी नसते. पडद्याचे हेलकावे मोजणारा सिग्मा-डेल्टा मॉड्युलेटर एवढाच आत असतो, आणि तो दर सेकंदाला दहा ते तीस लाख वेळा फक्त ० किंवा १ असा एकच बिट बाहेर टाकतो. सुट्टे पैसे नसलेला किराणा दुकानदार डोळ्यांपुढे आणा. त्याच्याकडे केवळ दहाच्या नोटा आहेत. गिऱ्हाइकाचे तेरा रुपये व्हायचे असतील तर तो दहा घेतो आणि तीन वहीत लिहितो, पुढच्या वेळी ते तीन धरून हिशेब करतो. एका व्यवहारात चूक दिसते, महिन्याच्या हिशेबात ती उरत नाही. मॉड्युलेटरही प्रत्येक बिटामागे राहिलेली चूक अशीच पुढे ओढतो. त्यामुळे हवेचा दाब वाढला की १ दाट पडतात, उतरला की विरळ होतात, आणि ढोबळ बिटांमुळे होणारी खरखर आपल्या कानांच्या पट्ट्यातून ढकलली जाऊन फार वरच्या वारंवारतांत साठते. ही युक्ती १९६२ पासून, म्हणजे इनोसे आणि यासुदा यांच्या जपानमधील कामापासून, ज्ञात आहे.

आता या लाखो बिटांतून दर सेकंदाला काही हजार शहाणे अंक काढायचे, आणि वर साठलेली खरखर खाली झिरपू द्यायची नाही, हे काम कुणीतरी करावेच लागते. त्यासाठीची सर्वांत काटकसरी गाळणी युजीन होगेनॉर यांनी १९८१ मध्ये मांडली. तिला सीआयसी म्हणतात आणि तिच्यात एकही गुणाकार लागत नाही. चिपमध्ये गुणाकाराचे मंडळ जागाही खूप खाते आणि वीजही, म्हणून ही बाब फार मोलाची. तिचे तत्त्व प्रत्येक घराच्या भिंतीवर टांगलेले आहे. विजेचे मीटर फक्त बेरीज करत जाते, मागचे काहीच पुसत नाही. महिन्याच्या शेवटी रीडिंग घेणारा येतो आणि आजच्या आकड्यातून मागचा आकडा वजा करतो. सीआयसीच्या पहिल्या अर्ध्या भागात अशीच अखंड बेरीज जलद गतीने चालते, आणि दुसऱ्या अर्ध्या भागात सावकाश गतीने वजाबाकी होते. मीटर ९९९९९ वरून ००००० वर आले तरी वजाबाकी योग्य रीतीने केल्यास बिल चुकत नाही. नेमके तसेच येथे नोंदवही भरून उलटली तरी उत्तर बरोबर येते, एकच अट की त्या नोंदवहीत एका बिलापुरता आकडा मावला पाहिजे. विद्यार्थ्यांना मी हे समजावतो तेव्हा पहिल्यांदा कुणाचाच विश्वास बसत नाही.

ती अट किती मोठी हेही पाहू. मायक्रोफोनमधील मॉड्युलेटर चौथ्या क्रमाचा (चूक चार टप्प्यांनी पुढे ओढणारा) असला तर गाळणी सहसा एक पायरी अधिक, म्हणजे पाच पायऱ्यांची (एकामागून एक पाच बेरजा आणि पाच वजाबाक्या) घेतात. ३.०७२ मेगाहर्ट्झने येणारे बिट ६४ ने विरळ करून ४८ किलोहर्ट्झवर आणायचे असतील तर प्रत्येक पायरीमागे ६ बिटांची वाढ होते (६४ म्हणजे २ चा सहावा घात) आणि पाच पायऱ्यांची मिळून ३०. मूळ बिट धरला तरी ३२ बिटांच्या नोंदवहीत हा हिशेब जेमतेम बसतो. विरळ करण्याचे प्रमाण १२८ केले की तो बसत नाही. चिप आखणाऱ्याला हव्या तेवढ्या रुंदीच्या नोंदवह्या, कुठे ३१ बिटांची तर कुठे २० बिटांची, अशा कापून घेता येतात; आपल्यासारख्या प्रोसेसर विकत घेणाऱ्याला ३२ नंतर थेट ६४ चीच उडी मारावी लागते.

हे मी पुस्तकावर विसंबून लिहीत नाही. पीडीएम मायक्रोफोन एक तर आणखी स्वस्त, त्यात त्याला घड्याळाची आणि माहितीची अशा दोनच तारा लागतात, आणि एकाच माहितीच्या तारेवर दोन मायक्रोफोन बसतात (एक घड्याळाच्या चढत्या कडेला बोलतो, दुसरा उतरत्या). एवढी काटकसर पाहून मला मोह झाला. रास्पबेरी पाय पिको या बोर्डावर मी ती गाळणी सॉफ्टवेअरमध्ये लिहिली. पाच पायऱ्यांच्या बेरजा दर सेकंदाला ३०,७२,००० वेळा करायच्या म्हणजे १,५३,६०,००० बेरजा झाल्या, आणि प्रत्येक बेरजेमागे सूचना आणणे, बिट सुटा करणे, नोंद परत ठेवणे हा प्रपंच वेगळा. चिपमध्ये जी गाळणी सर्वांत स्वस्त ठरते तीच प्रोसेसरवर सर्वांत खादाड ठरली, कारण कायमस्वरूपी आखलेल्या तारांना बेरीज फुकटात पडते आणि प्रोसेसरला प्रत्येक बेरजेची मजुरी मोजावी लागते.

मग दुसरा मार्ग धरला. बिट एकेक न घेता आठ-आठ घ्यायचे आणि आठ बिटांच्या २५६ शक्यतांची उत्तरे आधीच तक्त्यात मांडून ठेवायची. ५१२ सहगुणकांची, म्हणजे ५१२ बिटांना आपापले वजन देणारी गाळणी घेतली तर असे ६४ तक्ते लागतात, प्रत्येकात २५६ नोंदी आणि नोंदीमागे ४ बाइट, म्हणजे ६४ किलोबाइट स्मृती. पिकोत २६४ किलोबाइट असतात, त्यामुळे ते निभावले. दीड कोटी बेरजांच्या जागी सुमारे ३१ लाख वेळा तक्ता पाहणे आणि बेरीज करणे आले, आवाजही स्वच्छ आला. पण मायक्रोफोनमध्ये वाचवलेली जागा मी अशा रीतीने स्मृतीत भरून टाकली होती, आणि जो प्रोसेसर निवांत बसायला हवा होता तो रात्रभर तक्ते चाळत होता. मामेभाऊ सहज म्हणाला, “बापू, माईक स्वस्तात घेतलास अन् दळण दुसऱ्याच्या डोक्यावर दिलंस की.” इतक्या नेमक्या शब्दांत मला ते मांडता आले नसते.

न्याय म्हणून एक बाब नोंदवायला हवी. ज्या नियंत्रकात पीडीएमची गाळणी आधीच तारांत आखलेली असते, तिथे पीडीएम मायक्रोफोन घेण्यात काहीही गैर नाही. ईएसपी३२ मध्ये ती सोय आहे. एनआरएफ५२८४० या चिपमध्ये तर प्रोसेसर झोपलेला असतानाही गाळलेले अंक थेट स्मृतीत जाऊन पडतात. आर्डुइनो नॅनो ३३ बीएलई सेन्स हा बोर्ड याच चिपवर बेतलेला असून त्यावर पीडीएम मायक्रोफोन बसवूनच येतो. निव्वळ विजेच्या हिशेबात तो माझ्या डब्यावर सहज मात करील. पण त्याची किंमत माझ्या सगळ्या डब्याच्या किमतीच्या कितीतरी पट आहे, आणि गावात बिघडला तर बदली मिळण्याची शक्यता शून्य. म्हणून गाळणी मायक्रोफोनमध्येच असलेला आयएनएमपी४४१ आणि सोबत कुठेही मिळणारा ईएसपी३२, ही जोडी मी कायम केली.

आता या चिपच्या जाहिरातीतला ठळक आकडा: २४ बिट. त्याच्या मोहात पडू नये. माहितीपत्रकानुसार ९४ डेसिबलच्या प्रमाण आवाजाला ही चिप पूर्ण मापाच्या २६ डेसिबल खाली उत्तर देते, म्हणजे १२० डेसिबलला तिचे माप भरते. तिचे संकेत-खरखर गुणोत्तर ६१ डेसिबल आहे, म्हणजे ९४ मधून ६१ वजा जाता ३३ डेसिबलच्या खालचे आवाज तिच्या स्वतःच्या खरखरीत बुडतात. १२० आणि ३३ यांतले अंतर ८७ डेसिबल. एका बिटाला सुमारे ६ डेसिबल धरले तर पंधरा बिटांत सगळे मावते. उरलेले नऊ बिट खरखरच फार बारकाईने मोजत बसतात. मी वरचे १६ बिट ठेवले, खालचे टाकून दिले. दोन्ही ध्वनिमुद्रणे एकामागून एक ऐकवली तेव्हा घरातल्या कुणालाच फरक ओळखता आला नाही, आणि मलाही नाही.

तीच गोष्ट वेगाची. पुष्कळ लोक सवयीने ४८ किलोहर्ट्झवर चालवतात, तेही ३२ बिटांच्या खणांत. त्याने तासाला ६९१ मेगाबाइट भरतात आणि ३२ जीबीचे कार्ड दोन दिवसही पुरत नाही. ही चिप ८ किलोहर्ट्झपर्यंत खाली चालते. ८ किलोहर्ट्झ आणि १६ बिट घेतले की तासाला ५७.६ मेगाबाइट, म्हणजे बारावा हिस्सा, आणि तेच कार्ड तेवीस दिवस पुरते. ज्याला पक्ष्यांची शीळ टिपायची आहे त्याने अर्थातच एवढे खाली येऊ नये. माझा आवाज जमिनीचा, बुटक्या वारंवारतेचा. मला वरचे काहीच नको होते.

अखंड ध्वनिमुद्रणही शेवटी सोडून दिले. ईएसपी३२ च्या स्मृतीत मागच्या दहा सेकंदांचा आवाज फिरता ठेवायला १६० किलोबाइट लागतात आणि तेवढी जागा तिथे आहे. आवाज ठरावीक उंबऱ्यापलीकडे गेला की मागचे दहा आणि पुढचे वीस सेकंद कार्डावर उतरतात, एरवी कार्ड झोपून राहते. उंबरा ठरवण्यासाठी मी तीच मीटर-रीडिंगची गाळणी पुन्हा वापरली, पण यावेळी ८ किलोहर्ट्झवरून १ किलोहर्ट्झवर, तीनच पायऱ्यांची. सेकंदाला २४,००० बेरजा, नोंदवहीची वाढ अवघी ९ बिटांची, आणि प्रोसेसरला त्याची जाणीवही होत नाही. या गाळणीचा दोष असा की पट्ट्याच्या वरच्या टोकाकडे ती आवाज दाबत जाते, आणि तो उतार सरळ करण्यासाठी पुस्तके तिच्यामागे आणखी एक भरपाईची गाळणी जोडायला सांगतात. मला १०० हर्ट्झच्या खालचेच हवे असल्यामुळे तो उतार माझ्या वाटेत येत नव्हता. ती भरपाई मी वगळली. त्याचा आणखी एक लाभ झाला. कुत्री भुंकली, मोर ओरडला तरी डबा जागा होत नाही. ट्रॅक्टर गेला तर मात्र होतो.

विजेविषयी मायक्रोफोन विकणारे जे सांगतात ते खरे असले तरी त्यावरून फार अपेक्षा ठेवू नयेत. आयएनएमपी४४१ स्वतः १.४ मिलिअँपिअर घेतो. ईएसपी३२ रेडिओ बंद ठेवून ८० मेगाहर्ट्झवर चालवला तरी माहितीपत्रकानुसार २० ते ३१ मिलिअँपिअर खातो. बोर्डावरचा दिवा काढून टाकल्यावर माझ्या मीटरवर सगळ्या डब्याचा आकडा ३८ मिलिअँपिअरच्या आसपास आला, आणि २६०० मिलिअँपिअर-तासांचे दोन लिथियम सेल समांतर जोडले की डबा पाच दिवस चालला. याच घराण्यातील आयसीएस-४३४३४ ही नवी चिप ०.४९ मिलिअँपिअरवर चालते; म्हणजे जवळपास दोन-तृतीयांश बचत. ऐकायला मोठी वाटते, पण ३८ च्या हिशेबात ती अडीच टक्क्यांहून कमी, पाच दिवसांत फार तर तीन तास. मायक्रोफोनने केलेली खरी बचत त्याच्या स्वतःच्या आकड्यात दिसत नाही. प्रवर्धक गेला, प्रोसेसरला ८० मेगाहर्ट्झवर उतरता आले आणि कार्डाला झोपता आले, तिथे ती दिसते.

मध्येच मायक्रोफोनही बंद-चालू करून वीज वाचवावी, असे कुणाच्या मनात येईल. माझ्याही आले. वीज मिळाल्यानंतर ही चिप पहिल्या २,६२,१४४ घड्याळ-ठोक्यांपर्यंत केवळ शून्य पाठवते. ३.०७२ मेगाहर्ट्झच्या घड्याळावर हा काळ ८५ मिलिसेकंदांचा असतो आणि माहितीपत्रकात तोच ठळक छापलेला आहे. ८ किलोहर्ट्झसाठी घड्याळ ५१२ किलोहर्ट्झचे होते आणि तोच काळ अर्ध्या सेकंदाहून थोडा अधिक भरतो. जो आवाज स्वतःच सेकंदभर टिकत नाही त्याच्यासाठी हा पहारेकरी डोळे चोळत उठेपर्यंत चोर निघून गेलेला असायचा. हा प्रयोग दोन रात्रींत बंद केला.

आता या चिपची खरी मर्यादा. तिचा प्रतिसाद ६० हर्ट्झ ते १५ किलोहर्ट्झ असा दिलेला आहे. ६० च्या खाली ती उतरत जाते. माणसाचा कान मात्र २० हर्ट्झपर्यंत पोचतो, आणि त्याहून खालचे कंपन आपण पायांनी, भिंतीला टेकलेल्या पाठीने ओळखतो. तीन महिन्यांत डब्याने ढग टिपले, लग्नातला डीजे टिपला, लांबच्या खाणीतले सुरुंग टिपले. एका रात्री मामींना आणि शेजारच्या दोन घरांना ‘तो’ आवाज ऐकू आला. सकाळी कार्ड काढून पाहिले तर नोंद होती, वेळही जुळत होती, पण ऐकताना गडगडाटाची फक्त वरची साय कानी येत होती, पोट गायब. त्याहून कितीतरी स्पष्ट होता तो स्वयंपाकघरातील फडताळावरच्या पितळी भांड्यांचा किणकिणाट, छताच्या धाब्यातून वर झिरपलेला. तो आवाज कशाचा होता हे मी सांगू शकत नाही. उतार गणिताने भरून काढता येतो, तसा मी काढलाही, परंतु त्याबरोबर चिपची खरखरही तितकीच वर येते आणि ६१ डेसिबलच्या चिपकडे त्यासाठी शिल्लक फारशी नसते.

मॉड्यूलच्या बांधणीविषयी थोडे. चिपमध्ये आवाज शिरण्याचे छिद्र तिच्या पोटाला आहे, त्यामुळे पाटीच्या ज्या बाजूला चिप दिसते ती बाजू आवाजाकडे करून चालत नाही. दुसऱ्या बाजूचे टाचणीएवढे भोक आवाजाकडे हवे. पिना वेगळ्या येतात, स्वतः डाग द्यावे लागतात. पहिल्या मॉड्यूलला डाग देताना माझ्या हातून फ्लक्स त्या भोकात उतरला आणि मायक्रोफोन घोगरा झाला. दुसरे मी पावसाळ्याआधी धूळ उडवण्यासाठी हवेच्या नळीने साफ केले आणि त्याचा पडदा कायमचा गेला. पाटी धुवू नये, छिद्रावर हवा मारू नये, हे माहितीपत्रकात लिहिलेले आहे, मी ते नंतर वाचले. आता डाग देण्याआधी भोकावर उष्णतारोधक चिकटपट्टी लावतो. डाटाच्या तारेला जमिनीकडे १०० किलो-ओहमचा रोध जोडावा, म्हणजे दुसऱ्या कानाच्या पाळीत, मायक्रोफोन गप्प असताना, ती तार तरंगत नाही. एकच मायक्रोफोन असताना हा रोध नसला तरी चालून जाते, पण दोन लावले की आळस करू नये. तारा वीतभराच्या आत ठेवाव्यात.

डबा प्रथम माळवदावर ठेवला होता आणि ती चूक होती, कारण वारा. कोणत्याही उघड्या मायक्रोफोनवर वाऱ्याचा मारा बसला की तो नेमका बुटक्या वारंवारतांतच घुमतो, आणि ज्येष्ठातल्या एका रात्रीत डबा शंभराहून अधिक वेळा जागा झाला. भोकापुढे स्पंज लावला, त्यावर जुन्या रजईतला कापूस सैल गुंडाळला, तेव्हा ती संख्या निम्म्यावर आली. शेवटी तो खाली आणून ओसरीच्या कोनाड्यात ठेवला आणि छिद्राचे तोंड भिंतीकडे केले. आजींना हा सगळा उद्योग आरंभापासूनच करमणुकीचा वाटत आला आहे. “हे डबडं रात्रभर काय ऐकायलंय, कुणाच्या चहाड्या?” हा त्यांचा प्रश्न मी दर शनिवारी ऐकतो.

विकत घ्यायचे की नाही, हे कशासाठी घ्यायचे यावर ठरते. कीर्तन, वर्गातील व्याख्यान, शेतातील मोटर चालू आहे की बंद याची खातरजमा, अशा कामांना २०० रुपयांत याहून सुटसुटीत डिजिटल मायक्रोफोन मला सापडलेला नाही, आणि इलेक्ट्रेट-प्रवर्धकाच्या मांडणीकडे मी परत जाणार नाही. अतिशय शांत जागेतले आवाज टिपायचे असतील तर ३३ डेसिबलची खरखर आड येते; तिथे ६५ डेसिबलची आयसीएस-४३४३४ घ्यावी. विक्रीसाठी उत्पादन काढणाऱ्याने तर तीच घ्यावी, कारण आयएनएमपी४४१ नव्या आराखड्यांसाठी सुचवणे उत्पादकाने थांबवले असून बाजारात जो माल फिरतो आहे त्याची खात्री दिवसेंदिवस अवघड होत जाणार. बुटक्या आवाजांसाठी मात्र या दोहोंपैकी कोणतीच पुरेशी नाही. माझ्या डब्यात आता मायक्रोफोनशेजारी एक जिओफोन बसवायचे चालले आहे, जो हवेऐवजी जमीनच ऐकतो. त्याचा संकेत अॅनालॉग असतो, त्यामुळे प्रवर्धक पुन्हा दारात उभा आहे आणि पाटी पुन्हा मोठी होणार आहे. आयएनएमपी४४१ तिथेच राहील. भांडी केव्हा वाजली ते सांगण्याचे काम तो चोख करतो.